इंदापूरच्या स्टँडवर दिसलेला माणूस

इंदापूर,
१८ फेब्रुवारी २०२४

संजीवनीकाकू,

नमस्कार. पत्र सारजाताईच्या पत्त्यावर टाकतोय, म्हणजे अंगणवाडीतून थेट तुझ्या हातात पडेल. घरचा फोन तात्यांच्या उशाशी असतो, त्यावर तुझ्याशी काही बोलणं शक्य नाही.

ऑपरेशन झालं. नोव्हेंबरात, पुण्याला. नऊ तास लागले. डाव्या हाताची मनगटापासून कोपराच्या खालपर्यंतची कातडी काढून त्यातून पुरुषाचा अवयव केला, आणि हाताला मांडीची कातडी लावली. लघवीची नवी वाटही त्यातूनच काढली आहे. छातीचं ऑपरेशन चार वर्षांपूर्वी झालं होतं, ते तुला लिहिलं होतं. हे शेवटचं. लघवीची नळी तीन आठवड्यांनी काढली. आता काही त्रास नाही. या महिन्यापासून कामावर जातोय. लोणी देवकरला, त्याच पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात. सध्या उचलायचं काम देत नाहीत, मोजणीला बसवलंय.

भूल देण्याआधी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरचं कोण आलंय?" लखन पुढे झाला. माझ्याच खोलीत राहतो, माझ्याच पाळीला कामाला असतो. म्हणाला, "मी आहे." घरच्यांचं काय सांगणार? कन्हेरीत गावाच्या लेखी मी सात वर्षांपूर्वी तापाने मेलोय आणि बाप म्हणून तात्यांनी कऱ्हेच्या काठी माझा दहावा केलाय. खरं काय ते आई, तात्या आणि तू, तुम्हा तिघांनाच माहीत. कधी कधी भर पाळीत मला त्या दहाव्याची आठवण होते. पिंडाला कावळा शिवला होता का, हे तू कधी लिहिलं नाहीस.

आई कशी आहे?

तुझा,
ज्ञानेश


कन्हेरी,
९ मार्च

ज्ञानेश, काकूचा तुझ्या डोक्यावर हात.

तुजं पत्र पेरूच्या बागंत बसून दोनदा वाचलं. सगळं कळलं न्हाय. पर हाताला मांडीची कातडी लावली हे वाचून मी माजाच हात चाचपला. लहानपणी तू काट्यात पडली हुतीस, हुतास, तवा मीच सुईनं काटे काढलं हुतं. सवय जाईना बग अजून. रागवू नगंस.

त्रास न्हाय म्हंतूस ते बरं झालं.

कावळ्याचं इचारलंस. शिवला न्हवता. दुपार झाली तरी शिवंना, मग तात्याभावजींनी दर्भाचा कावळा करून उरकलं. मी सांगणार न्हवते. जित्या माणसाच्या पिंडाला कावळा कसा शिवंल, आसं मी तुज्या आईच्या, अक्कांच्या कानात म्हनले, तर त्यांनी माजा हात लई जोरात धरला.

तुज्या आईचं म्हनशील तर बरं न्हाय. मागल्या महिन्याच्या सव्वीस तारखंला अक्का माहेरी लग्नाला गेल्या हुत्या. येताना इंदापूरच्या स्टँडवर बारामतीच्या गाडीची वाट बगत बसल्या, तर समोर रसवंतीपाशी त्यांचा भाऊ हुबा. झुंबर. तुजा मामा. तुला आठवत आसंल का न्हाय, तू सात वर्साचा हुतास. मोटारीच्या पाइपात गवत अडकलं म्हून उजनीच्या फुगवट्यात उतरला तो वर आलाच न्हाय. तिसऱ्या दिशी गावला.

अक्का म्हंत्यात, तोच चेहरा, तशाच मिशा, तसाच एका पायावर भार देऊन हुबा. कमरंखाली प्यांट वली, पाण्यातनं आल्यागत. आन डाव्या हाताचं कातडं गेल्यालं, मासळीनं खाल्ल्यावर हुतं तसं. त्यानं अक्कांकडं बगितलं आन पाठ फिरवून निगून गेला. तवापासनं बाई जेवंना. देवरुशाला बोलावलं. त्यो म्हनला, मयताचं काय तरी मागणं हाय. आता रोज दिवेलागणीला अक्का वट्यावर कोरडा टावेल आन धुतल्याला सदरा ठेवत्यात. सकाळी तसाच असतो. घडी घालून परत संध्याकाळी ठेवत्यात. म्हंत्यात, वल्या कापडात किती दीस फिरंल त्यो.

मला दिवेलागण झाली की वट्याकडं बगवत न्हाय.

संजीवनी काकू


इंदापूर,
१५ मार्च

काकू,

तो झुंबरमामा नव्हता. मी होतो.

सव्वीस तारखेला मी पुण्याहून तपासणी करून परत येत होतो. तुला लिहिलं होतं की त्रास नाही, ते खोटं होतं. नळी काढल्यावर आठव्या दिवशी नव्या वाटेला खाली एक भोक पडलं. लघवी निम्मी पुढून येते, निम्मी त्या भोकातून झिरपते. आधी कळतही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या ऑपरेशनमध्ये बऱ्याच जणांना असं होतं, कधी आपोआप भरून येतं, कधी पुन्हा शिवावं लागतं. त्यांनी हे ऑपरेशनच्या आधीही सांगितलं होतं, मी मान डोलावली होती. मान डोलावणं सोपं असतं.

मी कपडा बांधतो, दोन तासांनी बदलतो. त्या दिवशी गाडी यवतजवळ बंद पडली, तासभर खोळंबलो, आणि स्टँडवर उतरलो तेव्हा पॅन्ट भिजलेली होती. हाताची पट्टी मी नुकतीच सोडली होती. रसवंतीच्या आडोशाला उभा राहून लोक पांगायची वाट बघत होतो.

आणि आई दिसली.

मी ओळखलं तिला. हिरवं लुगडं, मांडीवर पिशवी, केस किती पांढरे झालेत. सात वर्षं मी ती भेट मनात घोळवत होतो. कसं जायचं, पाया कसं पडायचं, पहिला शब्द कुठला बोलायचा. ती माझ्याकडे बघत होती आणि माझ्या पॅन्टवरून पाणी बुटात उतरत होतं. मला वाटलं, ही बघतेय ते हेच. म्हणून पाठ फिरवली.

सोबत कारखान्याच्या कार्डावरचा फोटो पाठवतोय. मामाच्या फोटोशेजारी धरून बघ. मला त्याचा चेहरा आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मला खांद्यावर घेऊन कुणीतरी पाणी दाखवत होतं.

ज्ञानेश


कन्हेरी,
२ एप्रिल

ज्ञानेश,

फोटो धरला. झुंबरचा फोटो अक्कांच्या ट्रंकंत असतो, त्या दोडका तोडायला गेल्यावर काढला. दोन्ही फोटो हातात घिऊन मी खालीच बसले. कान, हनुवटी, त्या भिवया. पोरगी असताना तू कुणासारखी दिसतीस ते आमाला कदी कळलंच न्हाय.

अजून सांगितलं न्हाय. सांगू का? मला भ्या वाटतं. भावाचं भूत हाय म्हून त्या रडत्यात, पर त्या रडण्यात माया हाय. तूच हुतास म्हनले तर काय हुईल?

आन एक लिहिते, मनातलं हाय म्हून लिहिते. सोन्यासारखं अंग हुतं तुजं. चिरलं, शिवलं, आन आता गळतंय. डाक्टरला इचार, परत पैल्यासारखं करता येतंय का. चूक झाली म्हनायला लाज कसली? माणसाचं चुकतं. परत ये म्हनत न्हाय मी, ते माज्या हातात न्हाय. पर तुजं हाल वाचवत न्हाईत.

काकू


इंदापूर,
२० एप्रिल

काकू,

तात्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तो सहा महिने सुजलेला होता. पाय पडत नव्हता. तू मला तेव्हा लिहिलं होतंस. कुणी म्हणालं का त्यांना, की गुडघा करून घ्यायला नको होता, जुनाच बरा होता?

चूक झाली असं मी कुठेही लिहिलेलं नाही. त्रास होतोय असं लिहिलं. तू त्रास वाचलास आणि पस्तावा समजलीस.

त्या सोन्यासारख्या अंगात मी चोवीस वर्षं राहिलो. आंघोळीला डोळे मिटून बसायचो, तुला माहीत आहे, तू दार वाजवून विचारायचीस, किती वेळ. आता भोक पडलंय, वास येतो, चारचौघांत बसायची धास्ती वाटते, डाव्या हाताची दोन बोटं अजून बधिर आहेत. तरी सकाळी कपडे बदलताना मी डोळे उघडे ठेवतो. हे दुसऱ्या कुणाला समजलं नाही तरी चालेल. तुला समजावं असं वाटत होतं.

आईला सांगू नकोस. मामा समजून सदरा ठेवते ना, ठेवू दे. मुलगी म्हणून माझ्या फोटोला हार घातलाच आहे, आता भाऊ म्हणून तरी माझी वाट बघतेय. मी तेवढ्यावर राहीन.

ज्ञानेश


पुणे,
११ जून

काकू,

एप्रिलनंतर तू लिहिलं नाहीस. मीही नाही. मी तोडून बोललो.

गेल्या मंगळवारी दुपारच्या पाळीत माझी लघवी बंद झाली. गेला महिनाभर धार बारीक होत होती. मी कुणाला बोललो नाही. आतली वाट आकसत आली आणि त्या दिवशी पूर्ण मिटली. पोट दगडासारखं झालं. मी खोक्यांच्या चळतीमागे आडवा पडलो होतो. लखनने सुपरवायझरची गाडी मागितली आणि मला मागच्या सीटवर घालून पुण्यापर्यंत आणलं. सगळ्या रस्ताभर तो एकच वाक्य बोलत होता, "पळसदेव गेलं, भिगवण गेलं, आता चौफुला येईल." मी किंचाळू नये म्हणून गावांची नावं मोजत होता.

इथे पोटातून थेट नळी घातली आहे. पिशवी बाजूला लटकते. आता दोन वाटा आहेत. एक, गालाच्या आतली कातडी घेऊन ती वाट पुन्हा बांधायची. जमलं तर उभं राहून लघवी होईल, पण परत आकसू शकते, परत गळू शकते, दोन-तीन ऑपरेशनं लागतील. दुसरी, पुढची वाट कायमची बंद करायची आणि खाली मागच्या बाजूला तोंड करून द्यायचं. अवयव तसाच राहील. पण जन्मभर बसून करावं लागेल.

कारखान्याच्या मुतारीत चार माणसांत उभं राहता यावं, एवढ्यासाठी मी किती वर्षं थांबलो, ते मी तुला सांगितलं नव्हतं. कामावर लागलो तेव्हा त्या भीतीने दिवसभर पाणी प्यायचो नाही. आता जी निवड करायचीय ती मला एकट्याला करता येईना.

जुलैच्या वीस तारखेला ऑपरेशन आहे. भुलीची धास्ती वाटते. मागच्या वेळी वाटली नव्हती. इथे काही बरंवाईट झालं तर लखनला कुणाच्या दारात जायला सांगू? कन्हेरीला मला आधीच पोचवलंय. एका माणसाला दोनदा कसं पोचवणार?

आईला सांगायचं की नाही ते आता तू ठरव. मला काही कळेनासं झालंय.

ज्ञानेश


कन्हेरी,
३० जून

ज्ञानेश बाळा,

तुज्या एप्रिलच्या पत्रावर मी रडले आन मग रागावले आन मग लाजले. तवर दोन महिने गेले. तू आंगोळीला डोळं मिटून बसायचास हे मला दारातनं कसं दिसावं? मला वाटायचं पोरीला साबणाचा छंद हाय. आता समजलं. उशिरानं समजलं तरी समजलंच म्हन.

अक्कांना सांगितलं.

परवा भावजी बारामतीला गेल्यालं. आमी दोघी ढोबळी मिरची निवडत बसलो हुतो. मी म्हनले, "अक्का, स्टँडवर झुंबर न्हवता." त्यांनी हातातली मिरची खाली ठिवली. मी फोटो दिला. लई येळ बगत बसल्या. मी सगळं सांगितलं, प्यांट कशानं वली हुती ते बी, हाताचं बी. पोटातल्या नळीचं बी.

त्या म्हनल्या, "म्हंजी त्यानं मला वळखलं हुतं?"

मी म्हनले, "व्हय."

"आन मी भ्यायले." एवढंच बोलल्या आन मिरच्या निवडायला लागल्या. निवडल्याल्या परत निवडल्या. दिवेलागणीला मला वाटलं, आज काय सदरा ठेवणार न्हाईत. तर ठिवला. मी इचारलं, "आता कुणासाटी?" तर म्हनल्या, "मला इचारू नगंस."

सकाळी भावजी च्या प्यायला बसलं तवा अक्का म्हनल्या, "वीस तारखंच्या आदी मी पुण्याला जानार. पोराचं ऑपरेशन हाय."

भावजी म्हनलं, "कुठलं पोर?"

"माजं."

भावजींनी बशी खाली ठिवली. एक तर बशी फुटंल न्हायतर घर, आसं मला वाटलं. पर त्यांनी उठून टीव्ही लावला आन बाजारभाव बगत बसलं. आवाज लई मोठा केला. हार घातल्याला तुजा फोटो त्या टीव्हीच्या वरच हाय. तिकडं त्यांनी मान वर केली न्हाय.

मी अक्कांना बारामतीत गाडीत बसवून देईन. पुण्यात लखनला उतरून घ्यायला सांग. एक सांगते, त्या तुला काय म्हनतील, कसं वागतील मला ठावं न्हाय. परवापासनं त्या तुजं नाव घेत न्हाईत. जुनं बी न्हाय, नवं बी न्हाय.

मुतायचं उभ्यानं का बसून, ह्यात मी काय सांगणार? पर तू पाणी पीत जा.

काकू


पुणे,
९ ऑगस्ट

काकू,

आई अठरा तारखेला आली. लखन तिला स्टँडवरून घेऊन आला आणि दारात सोडून खाली चहाला गेला. ती पलंगापासून चार हातांवर उभी राहिली. मी उठू लागलो तर हाताने थांब म्हणाली. मग स्टुलावर बसली आणि पिशवीतून घडी घातलेला सदरा काढून माझ्या पायांवर ठेवला. जुना, मामाचा. मला घट्ट झाला असता, पण मी घालून बघितला नाही. तिलाही ते हवं होतं की नाही, कळलं नाही.

दोन दिवस ती मला काहीच म्हणाली नाही. म्हणजे बोलायची, पण हाक नाही. "हे घ्यावं." "जरा सरकावं." बोलताना रे नाही, गं नाही. परक्याशी बोलावं तसं. माझा डावा हात मात्र सारखा बघायची. ती बघतेय हे मी बघितलं की खिडकीकडे वळायची.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ती पिशवीतलं लघवीचं माप बघायला वाकली होती. नर्सने शिकवलं होतं तिला, तिने ते काम स्वतःकडे घेतलं होतं. वाकलेलीच असताना म्हणाली, "लई गार हुतं का रं पाणी?"

मी म्हणालो, "आई, मी मामा नाही."

"ठावं हाय मला. येडी न्हाय मी." ती सरळ झाली. "पंचवीस वर्सं इचारायचं ऱ्हायलंय. तिसऱ्या दिशी गावला तवा मला तोंड बगू दिलं न्हाय कुणी. बाई माणसानं बगू नगं म्हनले. आता त्याचं तोंड तुज्याकडं हाय. एकदा इचारू दे. परत न्हाय इचारणार."

काकू, मी इतकी वर्षं धडपडलो ती कुणा दुसऱ्याची सावली होण्यासाठी नव्हे. मला तेव्हा रागही आला. इतक्या कापाकापीनंतर मी कुणाचा तरी मेलेला भाऊ. पण ती माझ्याकडे बघत उभी होती. आणि मी विचार केला, उद्या मी उठलो नाही, तर माझ्या बाबतीतही कुणाचं तरी असंच विचारायचं राहून जाईल.

मी म्हणालो, "न्हाय. गार न्हवतं."

ती मान हलवत राहिली. मग माझ्या कपाळावर हात ठेवला. हात गरम होता, ओला होता, तिने बाटली धुतली होती. "बरं," म्हणाली. आणि स्टुलावर बसून खरंच पुन्हा त्याचं नाव काढलं नाही.

मी दुसरी वाट घेतली. पुढची बंद केली. सहीच्या आधी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं, "नक्की? पुढे कधी उभं राहून करायचं म्हणालात तर अवघड होईल." मी रात्रंदिवस त्यावरच विचार केला होता. मला जे हवं होतं ते उभं राहणं होतं की भीती जाणं होतं, हे मला आता वेगळं करता आलं. उभं राहणं गेलं, त्याचं दुःख आहे. ते मी लपवत नाही. लखनजवळ रडलो. तो म्हणाला, "मुतारीला दारं असतात की. दाराच्या आत कोण काय करतंय, कुणाला पडलंय." त्याला सगळं इतकं सोपं वाटतं.

ऑपरेशन तीन तास चाललं. भुलीतून उठताना मला पाण्याखाली असल्यासारखं वाटलं, वरून आवाज येत होते. मी घाबरून हात वर केला आणि कुणीतरी तो धरला.

एकोणीस दिवस दोन्ही नळ्या होत्या. काल खालची काढली, पोटातली चिमटा लावून बंद केली, आणि नर्स म्हणाली, भरपूर पाणी प्या आणि आली की जा. आलीच नाही तर पोटातली पुन्हा उघडू. सकाळपासून मी पाणी पीत होतो. आई मोजून तांब्या देत होती. अकराच्या सुमाराला गेलो. आई दारापर्यंत आली, मी दार लावून घेतलं.

बसलो. काही होईना. आतून आग होत होती आणि मनात एकच, पुन्हा मिटलं. बाहेर तिच्या चपलांचा आवाज होता, तीन पावलं इकडे, तीन पावलं तिकडे. मग तोही थांबला. मी डोळे मिटले, मग उघडले. आणि आधी थेंब, मग थांबून थांबून, मग सरळ धार लागली. एकाच जागेतून. बाजूने काही नाही. मी बघत बसलो.

बाहेरून आई म्हणाली, "ज्ञानेश, झाली का रं?"

क्षणभर मला वाटलं, ती दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारतेय. त्या बोळात अजून कुणी उभं असेल. तिने कधी हे नाव घेतलेलं मी ऐकलं नव्हतं, त्यामुळे ते तिच्या आवाजात कसं असतं हेच मला माहीत नव्हतं.

तिने दारावर बोटाने टकटक केलं. "ज्ञानेश."

"व्हय," मी म्हणालो. "झाली."

ज्ञानेश